ताईंनी लोकसभेत कशाला ‘हो’ म्हटलं, कशाला ‘नाही’?

रामबागवाला (धागालेखक)

गेल्या रविवारी पुण्याहून भाचा आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे घास तोंडात असतानाही प्रश्न विचारतो. पोह्यांवर शेव भुरभुरवत म्हणाला, “मामा, तुमच्या ताई, म्हणजे सुमित्राताई महाजन, इंदूर या एकाच मतदारसंघातून सलग आठ वेळा खासदार होत्या. त्यांनी मत कशाला दिलं ते सांगा.”

मी आपला नेहमीचा पाढा सुरू केला. १९८९ला प्रकाशचंद सेठींना पाडलं. माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री, आणि समोर आमची रस्त्यावरून पायी फिरणारी माजी उपमहापौर. २००९ला सत्यनारायण पटेलांसमोर जेमतेम ११,४८० मतांनी तरल्या. २०१४ला त्याच पटेलांना ४,६६,९०१ मतांनी लोळवलं.

“हे लोकांनी ताईंना दिलेलं मत झालं,” तो म्हणाला. “मी ताईंनी दिलेलं मत विचारतोय.”

मी गप्प. हिने आतून विचारलं, अजून पोहे हवेत का. हवे होते, पण मागायचं धैर्य झालं नाही.

तो गेल्यावर चार संध्याकाळी बसलो. वाटलं होतं, कुठे तरी तक्ता असेल: विधेयकाचं नाव, तारीख, पुढे हो किंवा नाही. असा तक्ता मला मिळाला नाही आणि का मिळाला नाही तेही हळूहळू कळलं. लोकसभेत बहुतेक कामं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं; मग प्रतिकूल असतील त्यांनी नाही. ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला ती जिंकली. कोण काय ओरडलं याची नोंद नसते. एखाद्या सदस्याने आग्रह धरला तरच मतविभागणी होते. मग साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, हिरवं, लाल किंवा पिवळं बटण दाबायचं. पिवळं म्हणजे तटस्थ. फक्त तेव्हाच नावानिशी यादी कामकाजाच्या अहवालात जाते. घटनादुरुस्तीला मतविभागणी करावीच लागते, बाकी सगळा मर्जीचा मामला.

मग निदान सरकार पडण्या-तरण्याचे प्रसंग तरी काढू म्हटलं. ताईंच्या काळातले मोठे असे:

७ नोव्हेंबर १९९०, विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडलं. ताईंची ती पहिलीच टर्म. जुलै १९९३, नरसिंह रावांवरचा अविश्वास २५१ विरुद्ध २६५ने फेटाळला गेला. मार्च १९९८, वाजपेयींनी २७४ विरुद्ध २६१ने विश्वास जिंकला. १७ एप्रिल १९९९, तेच वाजपेयी २६९ विरुद्ध २७०ने हरले. ऑगस्ट २००३चा अविश्वास १८६ विरुद्ध ३१२ने पडला. २२ जुलै २००८ला मनमोहन सिंगांनी २७५ विरुद्ध २५६ने सरकार वाचवलं.

सगळीकडे ताईंचा पक्ष भाजप जिकडे, ताई तिकडे. २००८ला भाजपचे काही खासदार फुटले, त्यांत ताईंचं नाव नाही. म्हणजे भाच्याला द्यायचं उत्तर एका ओळीत संपतं. पण उत्तर इतकं सोपं निघालं की मलाच संशय आला. तुम्हाला काय वाटतं? याला निष्ठा म्हणायचं का?

 


पोहेप्रेमी (रात्री ९:५२)

पॉपकॉर्न खाणारे खावोत. मी पोहे घेऊन बसलोय, वर जीरावण. चालू द्या.


बिनसाखरेची_जिलबी (रात्री १०:१४)

काका, मेहनत केलीत त्याबद्दल दंडवत. पण प्रश्नातच एक गोची आहे.

ताई पहिल्यांदा लोकसभेत गेल्या १९८९ला. त्याआधी चारच वर्षं, १९८५ला ५२वी घटनादुरुस्ती झाली, राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली आणि पक्षांतरबंदी आली. पक्षाने व्हिप (मत कसं द्यायचं त्याचा आदेश) काढला आणि तुम्ही परवानगी न घेता उलटं मत दिलंत किंवा गैरहजर राहिलात, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व गेलं. म्हणजे ताईंच्या कारकिर्दीत एकही दिवस असा नव्हता, की व्हिप असताना त्या मनाला येईल ते बटण दाबू शकल्या असत्या. दाबलं असतं तर पुन्हा निवडून यावं लागलं असतं.

ज्या दाराला बाहेरून कडी आहे, त्या घरातला माणूस घर सोडून गेला नाही म्हणून त्याला घरकोंबडा म्हणाल का?

दुसरं. तीसपैकी दहा वर्षं वेगळी काढा. १९९९ ते २००४ त्या राज्यमंत्री होत्या. मंत्री स्वतःच्या सरकारविरुद्ध मत देत नाही, सभागृहात प्रश्न विचारत नाही, हजेरीपटावर सहीसुद्धा करत नाही. आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष. घटनेचं कलम १०० असं की अध्यक्षांनी आधी मत द्यायचं नाही, समसमान झाली तरच निर्णायक मत. जानेवारी २०१९ला आर्थिक मागासांच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती ३२३ विरुद्ध ३ने झाली. ताई खुर्चीत होत्या, म्हणजे त्या ३२३मध्ये ताई मोजायच्याच नाहीत.

उरली वीस वर्षं, त्यातलं बहुतेक आवाजी. तक्ता मिळणार कुठून?


रामबागवाला (रात्री १०:३१)

जिलबीताई, कडीचं उदाहरण झोंबलं. पण कडी असूनही लोक खिडकीतून उड्या मारतातच ना?


लष्करकर_ग्वाल्हेर (रात्री १०:४०)

खिडकी, गच्ची, मागचं दार, सगळ्याची माहिती हवी असेल तर आमच्याकडे या.

ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे: १९५७ला गुण्यातून काँग्रेस, १९६२ला ग्वाल्हेरातून काँग्रेस, १९६७ला स्वतंत्र पक्ष, १९७१ला भिंडमधून जनसंघ, शेवटी भाजप. मधे १९६७ला काँग्रेसचे ३६ आमदार फोडून द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं, ते वेगळंच.

त्यांचा मुलगा माधवराव: १९७१ला जनसंघ, १९७७ला अपक्ष, १९८०पासून काँग्रेस. १९८४ला ग्वाल्हेरात अटलजींना हरवलं. जे अटलजी याच गावात जन्मले, त्यांना. १९९६ला हवालाच्या भानगडीत काँग्रेस सोडली, स्वतःचा मध्य प्रदेश विकास काँग्रेस काढला, त्यावरही जिंकले आणि मग परत काँग्रेस.

नातू ज्योतिरादित्य: मार्च २०२०, काँग्रेसमधून भाजप. सोबत २२ आमदार, मुख्यमंत्री कमलनाथ घरी. त्या २२मध्ये तुमच्या शेजारच्या सांवेरचे तुलसी सिलावटही होते, तेव्हा इंदूरवाल्यांनी फार सोवळं नेसू नये.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी मराठी घरं कोणत्या पक्षाची, असं विचारलंत तर म्हातारे अजून सांगतात, “आम्ही महालाचे.” महाल, म्हणजे शिंद्यांचं घराणं, ज्या पक्षात, तो आमचा. माझ्या आजोबांनी पंजा, पणती आणि कमळ या तिन्हींवर शिक्का मारला आणि मरेपर्यंत म्हणत राहिले की मी आयुष्यात एकदाही बदललो नाही. आता सांगा, निष्ठावान की नाही?


पोहेप्रेमी (रात्री १०:४३)

आजोबा रॉक्स.


माळवी_मिरची (रात्री १०:५८)

ताईंची आणि महालाची तुलना कशाला करून राहिले तुम्ही लोकं? ताई चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या. ना गढी, ना वाडा, ना जहागीर. १९८५ला विधानसभेला महेश जोशींकडून हरल्या, तरी घरी बसल्या नाहीत. राजघराण्याला पक्ष शोधत येतो भिया. मास्तरीण-बाईसारख्या दिसणाऱ्या बाईला पक्षातच जागा करावी लागते. ती पक्ष सोडून जाईल कुठे?


मिलगेट (रात्री ११:२०)

माळवी_मिरची, तुमचं शेवटचं वाक्य नीट वाचा. “जाईल कुठे” ही निष्ठेची व्याख्या आहे की नाइलाजाची?

या गावाने १९६२ला होमी दाजींना लोकसभेत पाठवलं होतं. पारशी कम्युनिस्ट वकील, अपक्ष म्हणून उभे, पाठीशी मिलचे कामगार. तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती. कुणाचा व्हिप? गेटवरच्या सभेत कामगार विचारायचे आणि दाजी उत्तर द्यायचे. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते, ते सांगायचे की दाजींना चहा पाजला की प्रश्न विचारायचा हक्क मिळायचा.

हुकुमचंद मिल १९९१ला बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. ३२ वर्षं. त्यातली २८ वर्षं ताई आमच्या खासदार होत्या. कित्येक कामगार तोवर वारले, पैसे विधवांच्या हाती आले. ताईंनी मदत केली नाही असं म्हणत नाही. प्रकरण कोर्टात होतं, परिसमापक (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) होता, राज्य सरकार आणि महापालिकेचा जमिनीवरून वाद होता. पण मतदानाची नोंद तपासताय तर एवढंही तपासा की आमच्या गल्लीसाठी ते हिरवं-लाल बटण कधी पेटलं का.


रामबागवाला (रात्री ११:३५)

मिलगेट, पटलं आणि नाहीही. लोकसभेतलं मत देशाच्या कायद्याला असतं, मिलच्या थकबाकीला नसतं. पण वडिलांचा चहाचा नियम आवडला.


वकील_नाही_पण (रात्री ११:४८)

कायद्याबद्दल थोडी भर घालतो.

व्हिप ही गोष्ट राज्यघटनेत शब्दाने नाही; तिथे पक्षाचा ‘निदेश’ आहे. व्यवहारात व्हिप तीन तऱ्हेचा. खाली एक रेघ म्हणजे मतदान आहे, ध्यानात ठेवा. दोन रेघा म्हणजे हजर राहा. तीन रेघा म्हणजे या आणि सांगू तसंच मत द्या. तीन रेघांचा आला की गावी लग्न असलं तरी गाडी परत दिल्लीकडे.

१९९२ला सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान प्रकरणात तीन विरुद्ध दोन असा निकाल देऊन दहावी अनुसूची ग्राह्य धरली. तिथेच असंही म्हटलं की सदस्यत्व घालवण्याइतका कडक अर्थ विश्वास-अविश्वासाच्या किंवा पक्षाच्या मूळ धोरणाच्या मतदानापुरता ठेवावा. पण कायद्याची भाषा बदलली नाही, त्यामुळे पक्ष साध्या विधेयकालाही तीन रेघा ओढतात. काँग्रेसच्या मनीष तिवारींनी यावर खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) एकाहून जास्त वेळा आणलंय. पुढे गेलेलं नाही.

आणि फुटायचंच असेल तर जागा आहेत. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त आणि व्हिप काढता येत नाही. तिथे दरवेळी मतं फुटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे गंगेत न्हालेले.

अवांतर: १९९९च्या त्या एका मताबद्दल लोक फक्त गिरिधर गमांग यांचं नाव घेतात, कारण ते ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदार राहून मत द्यायला आले. पण त्यांनी आपल्या पक्षाप्रमाणेच मत दिलं. पक्षादेश मोडला तो नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोज यांनी. पक्ष वाजपेयींच्या बाजूला, सोज विरुद्ध. पक्षाने त्यांना काढलं. सरकार एका निष्ठावानाने पाडलं की एका बंडखोराने, हे तुम्ही ठरवा.


बिनसाखरेची_जिलबी (रात्री ११:५६)

सोज यांचा मुद्दा माझ्याही लक्षात नव्हता. वाचनखूण साठवली.


मांडवीकर_बडोदा (सकाळी ७:१५)

रात्री झोपलो आणि इथे एवढा काथ्याकूट!

अध्यक्षांचा विषय निघालाय म्हणून. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर आमच्या बडोद्यात जन्मले, १८८८ला. घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. ताईंचं माहेर चिपळूण, म्हणजे तोच जिल्हा. एक गुजरातेतून, एक माळव्यातून, खुर्ची तीच. कोकणाने बाहेर पाठवलेल्या मालात आंब्यांशिवाय हेही धरा.

मावळंकरांवर डिसेंबर १९५४ला विरोधकांनी थेट त्यांना हटवण्याचा ठराव आणला होता, फेटाळला गेला. म्हणजे अध्यक्षाच्या निःपक्षपातीपणावर तेव्हाही भांडण होतंच. संजीव रेड्डींनी १९६७ला अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला. दहाव्या अनुसूचीतही तशी मुभा आहे: अध्यक्ष झालेल्याने पक्ष सोडला तर त्याला अपात्र धरत नाहीत. तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथदा चटर्जींनी २००८ला खुर्ची सोडायला नकार दिला, तेव्हा मार्क्सवाद्यांनी विश्वासमताच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना पक्षातून काढलं. ताईंनी पक्ष सोडला नाही. सोडायलाच हवा असं कुठे लिहिलेलंही नाही.


मिलगेट (सकाळी ८:०२)

लिहिलेलं नाही, पण दिसतं. ऑगस्ट २०१५ला काँग्रेसचे २५ खासदार पाच दिवसांसाठी निलंबित. मार्च २०१८ला अविश्वासाच्या नोटिसा रोज यायच्या आणि रोज ‘सभागृह शांत नाही, मोजणार कशी’ म्हणून कामकाज तहकूब. तो ठराव शेवटी २० जुलैला आला, १२६ विरुद्ध ३२५ने पडला. पडणारच होता, मग चार महिने थांबवला कशाला?


माळवी_मिरची (सकाळी ८:२०)

फलक घेऊन हौद्यात उभे राहिले होते भिया ते. वर्गात पोरं बाकावर चढून नाचत असतील तर बाई हजेरी कशी घेणार?


संपादक मंडळ

धागा चांगला चाललाय, चालू राहू द्या. ‘भक्त’ आणि ‘चमचे’ असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.


रामबागवाला (दुपारी १२:४०)

सकाळपासून एक वेगळीच वाट धरली होती. जरा मोठं लिहितोय, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

जिलबीताईंनी वीस वर्षं उरतात म्हटलं. त्यातली २००९ ते २०१४ ताई ग्रामविकासाच्या स्थायी समितीच्या अध्यक्ष होत्या. भाजप तेव्हा विरोधात. मनमोहन सरकारने २०११ला नवं भूसंपादन विधेयक आणलं आणि ते तपासायला ताईंच्या समितीकडे आलं. समितीत सगळ्या पक्षांचे खासदार असतात, बैठका बंद दाराआड होतात, टीव्ही नसतो आणि व्हिपही नसतो. मे २०१२ला अहवाल आला. त्यातली मोठी शिफारस अशी: खासगी कंपन्यांसाठी किंवा खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी सरकारने शेतकऱ्याची जमीन संपादित करू नये. कंपनीला जमीन हवी तर तिने बाजारात जाऊन विकत घ्यावी.

अहवालावर अध्यक्ष म्हणून सुमित्रा महाजन हे नाव. तीस वर्षांत ताईंचं म्हणावं असं इतकं ठसठशीत कागदावर मला दुसरं काही सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

सरकारने ती शिफारस पूर्ण घेतली नाही. खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के जमीनमालकांची संमती, असा मधला मार्ग काढला. २९ ऑगस्ट २०१३ला लोकसभेने विधेयक २१६ विरुद्ध १९ने मंजूर केलं, भाजपचाही पाठिंबा होता.

आता पुढचं. मे २०१४ला सरकार बदललं, जूनमध्ये ताई अध्यक्ष झाल्या. ३१ डिसेंबर २०१४ला अध्यादेश निघाला. पाच प्रकारच्या प्रकल्पांना ती संमतीची अट आणि सामाजिक परिणामांची तपासणी, दोन्हींतून सूट. औद्योगिक पट्टे त्यात, सरकारी मालकीच्या जमिनीवरचे भागीदारीचे प्रकल्पही त्यात. त्याचं विधेयक १० मार्च २०१५ला लोकसभेत मंजूर झालं.

त्या दिवशी ताईंचं मत? नाही. अध्यक्षांना मत नसतं.

त्यांच्याच समितीने ज्याच्या उलट लिहिलं ते त्यांच्याच सभागृहात मंजूर झालं, आणि मतदानाच्या वहीत ताईंच्या नावापुढे काहीच नाही. विधेयक पुढे संयुक्त समितीकडे गेलं, राज्यसभेत बहुमत नव्हतं, ऑगस्ट २०१५च्या शेवटी अध्यादेश संपू दिला. म्हणजे शेवटी २०१३चाच कायदा उरला.

मला रात्रभर वाटत होतं की निष्ठा सरकार पाडण्या-तारण्याच्या तारखांत शोधावी. तिथे ती नाहीच, तिथे नुसती हजेरी आहे. भाच्याला आता मी हा अहवाल वाचायला सांगणार आहे आणि शेजारी १० मार्चची कोरी जागा दाखवणार आहे.


बिनसाखरेची_जिलबी (दुपारी १:०५)

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो.

पण एक शंका. विरोधात असताना सत्ताधाऱ्यांच्या विधेयकाला कडक अहवाल देणं, हेही पक्षाच्या सोयीचंच होतं की. समितीत व्हिप नसला तरी वारा कुठून वाहतोय ते कळतं. तुम्ही त्यात ताईंचं मन वाचताय, मला त्यात २०१२चं राजकारणही दिसतं.


रामबागवाला (दुपारी १:१८)

असेल. पण मग काँग्रेसचे सदस्यही त्याच समितीत होते आणि विधेयक त्यांच्याच सरकारचं होतं. सगळा वाराच म्हणावा तर त्यांच्याकडून उलटा वाहायला हवा होता.


वकील_नाही_पण (दुपारी १:४०)

दोघंही बरोबर. म्हणूनच जाणकार खासदार जोखताना स्थायी समितीचे अहवाल आणि शुक्रवारची दुपार बघतात. शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी विधेयकांचे, तिथे सहसा व्हिप नसतो. आजवर अशी १४च विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०ला. पण कोण कशासाठी उभं राहतं ते तिथे कळतं. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं, सगळं खासदारवार मिळतं. मत तेवढं मिळत नाही.


लष्करकर_ग्वाल्हेर (दुपारी २:२२)

फेब्रुवारी २०१४चं तेलंगण विधेयक आठवतं का? आवाजी मतदान, नुसती डोकी मोजली आणि टीव्हीवरचं प्रक्षेपणही बंद. एक राज्य दोन झालं आणि कोण काय म्हणालं याची नावानिशी यादी नाही. तुमच्या ताई तेव्हा विरोधी बाकावर. त्या दिवशीचा ‘हो’ आता फक्त त्यांनाच आठवत असेल.


सराफा_रात्रपाळी (दुपारी ३:५०)

मी एरवी वाचनमात्र. पण दोन तारखा राहून गेल्या.

५ एप्रिल २०१९. पक्ष इंदूरचं टिकीट जाहीर करत नव्हता, पंच्याहत्तरी गाठलेल्यांना टिकीट नको अशी चर्चा चालू होती. ताईंनी पत्र काढलं की पक्षाला संकोच वाटत असावा, मी तो संकोच दूर करते, मी लढणार नाही, लवकर निर्णय घ्या. पंधरवड्याने शंकर लालवानी उमेदवार. त्या दिवशी आमच्या सराफ्यात रात्री एकच विषय होता. ताई अपक्ष उभ्या राहिल्या असत्या तर? एक जण म्हणाला, लाखभर मतं सहज घेतली असती. दुसरा म्हणाला, अरे, त्यांनी विचारसुद्धा केला नसेल. इथे तर कडी नव्हती ना जिलबीताई? पक्ष सोडला असता तर कुठलाच कायदा आडवा येत नव्हता. खासदारकीचे दिवसच संपत आले होते. तरी नाही सोडला.

दुसरी तारीख २९ एप्रिल २०२४. काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि भाजपच्या गाडीत बसून गेला. सगळे पेढे वाटत होते. ताई तेवढ्या उघड म्हणाल्या की याची गरज नव्हती, आपण असंही जिंकणार होतो, आणि शिकलेले लोक मला फोन करून नोटाला मत देऊ म्हणतायत. पुढे इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली. लालवानी ११ लाख ७५ हजारांहून जास्त फरकाने जिंकले, तरी चर्चा नोटाची.


मिलगेट (दुपारी ४:१२)

२०२४चं ते बोलणं मीही ऐकलं होतं. मी ताईंना आयुष्यात मत दिलेलं नाही, पण त्या दिवशी घरात म्हटलं होतं, बाई बोलली. फक्त पद गेल्यावर बोलली, एवढंच माझं दुखणं आहे.


माळवी_मिरची (दुपारी ४:२०)

बोलली हे मान्य केलंत, आज जिलबी माझ्याकडून. साखरेची.


मांडवीकर_बडोदा (सायंकाळी ६:०५)

महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ने झाली. घटनादुरुस्ती, म्हणजे नावानिशी मोजणी. ताई असत्या तर एक हिरवं बटण नक्की सापडलं असतं काकांच्या तक्त्याला. चार वर्षांनी हुकलं.


रामबागवाला (सायंकाळी ६:३०)

अरे हो की. हे डोक्यातच आलं नव्हतं.


पुण्याचा_भाचा (रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. नवीन सदस्य. मामांनी दुवा पाठवला, पूर्ण धागा दोनदा वाचला. २०१२चा अहवाल उतरवून घेतलाय, १० मार्चचं पान शोधतोय. सगळ्यांचे आभार, मुलाखतीत विचारलं तर छाती काढून सांगेन.

मामा, एकच राहिलं. नोटाला सव्वादोन लाखांच्या आसपास मतं पडली म्हणताय. रामबागेत तुम्ही कोणतं बटण दाबलंत?


रामबागवाला (रात्री ९:२५)

आमचं मतदान गुप्त असतं बाळा, खासदारांसारखी यादी छापत नाहीत. एवढंच सांगतो, सकाळी निघताना घरातून व्हिप निघाला होता. तीन रेघांचा.


पोहेप्रेमी (रात्री ९:२६)

मामींचा आयडी आहे का इथे?